शेडचा कागद फाटतो, ठिबकची नळी टिकते

प्रश्न : आमच्या बेदाणा शेडवरचा पारदर्शक कागद दुसऱ्याच हंगामात कुरकुरीत होऊन फाटला. त्याच उन्हात ठिबकच्या काळ्या नळ्या मात्र वर्षानुवर्षे टिकतात. दोन्ही प्लॅस्टिकच, शिवाय कागद ‘यूव्ही’चा आहे असे दुकानदाराने सांगितले होते. मग असे का व्हावे?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : जमिनीवर पोहोचणारे अतिनील (‘यूव्ही’) किरण साधारण 300 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. कागद ज्या प्लॅस्टिकचा असतो ते पॉलिथिन शुद्ध असेल तर हे किरण जवळजवळ शोषतच नाही. पण कागद तयार होताना उष्णतेने त्यात ऑक्सिजनयुक्त गट निर्माण होतात, ते किरण शोषतात आणि त्यातून सुटलेली मुक्त मूलके (रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे) हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडत जातात.

नळीत दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी, मिसळलेली असते. ती किरणांना पृष्ठभागाशीच शोषून त्यांची उष्णता करते. इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही, परंतु उजेड आत यायला हवा तिथे तो निरुपयोगी ठरतो. पारदर्शक कागदात बेन्झोफिनोन किंवा बेन्झोट्रायाझोल वर्गातली रसायने घालतात. किरण शोषताच त्यांच्या रेणूतला एक हायड्रोजन जागा बदलतो व लगेच परततो. या येण्याजाण्यात ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि रेणू पुन्हा कामाला मोकळा होतो. मात्र शोषण जाडीवर अवलंबून असल्यामुळे पातळ कागदाचा वरचा थर उघडाच राहतो.

म्हणून ‘हाल्स’ नावाची अमाइन (नायट्रोजनयुक्त) वर्गातली रसायनेही वापरतात. ती किरण शोषत नाहीत, तर तयार झालेली मूलके पकडतात. तुमच्या कागदाचा घात बहुधा इथेच झाला असावा. ही रसायने अल्कधर्मी असतात. बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीतून आणि भुरी या बुरशीजन्य रोगासाठी बागेत मारलेल्या गंधकातून आम्ल तयार होते, त्याने अमाइनचे क्षार होतात आणि संरक्षण संपते. तेव्हा दुकानदार खोटे बोलला असेलच असे नाही.

पुढच्या खरेदीत केवळ ‘यूव्ही’ म्हणून न विचारता, कागद गंधक सोसणारा आहे का आणि हमीपत्रात गंधकाची मर्यादा किती लिहिली आहे, हे पाहावे. कागद लोखंडी पाइपला टेकतो तिथे तापून लवकर जातो, त्यामुळे तेवढा भाग पांढऱ्या रंगाने रंगवून घ्यावा.