मानेचा एक्स-रे साफ आला, तरी मज्जारज्जूला इजा असू शकते का?

तुम्ही लिहिलंय की सासरे मोरीत घसरून पडले, हनुवटी कठड्यावर आपटली, एक्स-रेत काही मोडलेलं नाही, पण दोन दिवस झाले तरी हातांना मुंग्या येतायत आणि कप हातातून निसटतो. हाड शाबूत असताना मज्जारज्जूला इजा होते का, आणि झालीच तर माणूस पूर्ण बरा होतो का, असं विचारलंय.

होते. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. हे वाक्य मी आमच्या घरात गेली सहा वर्षं सांगतेय.

माझे बाबा शिंपी. परळला चाळीतल्या खोलीतच मशीन, बायकांचे ब्लाऊज शिवायचे. त्यांच्या हातचा कटोरी ब्लाऊज हवा म्हणून बायका बोरिवलीहून यायच्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मखर माळ्यावर ठेवायला ते शिडीवर चढले आणि पाय सटकला. उंची फार तर चार फूट. पडताना कपाळ मशीनच्या कडेवर आदळलं आणि मान झटक्यात मागे गेली. तेव्हा ते 58 वर्षांचे होते.

पडल्यापडल्या पहिलं बोलले ते, "हाताला आग लागलीय, पाणी घाला." मोठे काका शेजारच्याच खोलीत राहतात. ते धावत आले, बगलेत हात घालून बाबांना उठवून बसवलं, मान चोळली, दोन्ही हात धरून झटकले. "मुंग्या आल्यात, जातील." मग खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून खाली आणलं आणि टॅक्सीत घातलं. मान कुणीच धरली नव्हती. मीही नाही.

ज्या हॉस्पिटलात गेलो तिथे कपाळाला तीन टाके पडले. एक्स-रे बघून सांगितलं की फ्रॅक्चर नाही, वयाप्रमाणे मणक्यांची झीज आहे. बाबा दोघांच्या आधाराने पावलं टाकत होते, म्हणून गळ्याला पट्टा देऊन रात्रीच घरी पाठवलं. सकाळी आईच्या लक्षात आलं की आदल्या संध्याकाळपासून ते एकदाही लघवीला गेलेले नाहीत. ओटीपोट टम्म, आणि त्यांना काही दुखत नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे आधी नळी घातली आणि दुपारी एमआरआय केला. मानेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी मज्जारज्जूत पांढरट डाग होता. तो डाग डॉक्टरांनी पेनाने दाखवला तेव्हा काका माझ्या शेजारी उभे होते.

मज्जारज्जू कवटीच्या तळापासून निघतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. लांबी सुमारे 45 सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी, आणि त्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात. तो मणक्यांच्या नळीत असतो. तरुणपणी त्या नळीत थोडी मोकळी जागा असते. पुढे मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, हाडाला काटे फुटतात, जागा आवळत जाते. अशा मानेला मागे झटका बसला की पुढून तो काटा टोचतो, मागून मणक्यांना जोडणारा पिवळा बंध आत दुमडतो, आणि मधे रज्जू चिमटला जातो. त्यासाठी हाड मोडावं लागत नाही. या प्रकाराला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात, 1954 साली श्नायडर नावाच्या अमेरिकन सर्जनने तो मांडला. यात पायांपेक्षा हात जास्त जातात, कारण मेंदूकडून उतरणाऱ्या ज्या वाटेला तिथे मार बसतो, बोटांची बारीक कामं मुख्यतः तिच्यावरच चालतात.

हातातली नस तुटली तर ती हळूहळू वाढू शकते. मज्जारज्जूतले तुटलेले धागे तसे वाढत नाहीत. जे तुटलेले नसतात, नुसते सुजेखाली दबलेले असतात, ते पुन्हा कामाला लागतात. बहुतेकदा पाय आधी सुधारतात, मग लघवीचा ताबा येतो, मग खांदे-कोपर, आणि बोटं सगळ्यांत शेवटी.

बाबा पाचव्या आठवड्यात काठी न घेता जिना चढून घरी आले. अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. आमच्या घरातलं खरं भांडण त्या दिवशी सुरू झालं. काका म्हणाले, "चालतोय की! देवाची कृपा. आता मशीनवर बसव." बाबा बसले. पायांनी पायडल मारलं, पण कापड पुढे सरकवायला हात वळेनात. सुई चिमटीत आहे की सुटलीय हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागत होतं. ज्याने हजारो काजं केली, त्याच्या सदऱ्याची बटणं आई लावायची. तरी येणारा प्रत्येक जण पायांकडेच बघून जायचा. चालणारा माणूस बरा झाला असं समजणं मला आता सहनच होत नाही.

एकदा जेवताना काका म्हणाले, "ते पेटकर बघ, गोळ्या खाऊन पोहले. जिद्द लागते." मुरलीकांत पेटकर आपल्या सांगलीकडचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर अधू झालं, आणि 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण काका, ते हातांनी पोहले. बाबांचे हातच गेलेत. इजा कुठल्या उंचीवर झाली आणि किती खोल, यावर काय उरतं ते ठरतं. जिद्द बाबांनीही केली. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत 1955 पासून हेच काम चालतं. तिथून शिकून आल्यावर ते रोज दोन तास वाटीतले चणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे.

काकांचं आजही एकच म्हणणं आहे, "हाड मोडलंच नव्हतं, मग उचललं तर काय बिघडलं?" हाड मोडलंय की नाही हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं. पडलेला माणूस हाताला आग होते म्हणाला की त्याला बसवायचं नाही. डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं आणि 108 ला फोन करायचा. उतरवायचंच असेल तर फळीवर सपाट घेऊन, मान न हलवता. कापड कापायची सहा फुटी फळी त्या संध्याकाळी आमच्या भिंतीला टेकून उभी होती.

काकांनी उचललं म्हणूनच हात गेले, असं मात्र मला म्हणता येत नाही. डॉक्टरांच्या मते मुख्य घाव कपाळ आदळलं तेव्हाच बसला असणार, आणि सूज पुढच्या तासांत तशीही वाढते. उचलण्याचा वाटा किती हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांचं हे म्हणणं मी काकांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही, बाबांच्या फायली सांभाळणारी मुलगी आहे. हाताला मुंग्या येणाऱ्या प्रत्येकाला हेच झालेलं असतं असंही नाही, मनगटात नस दबली तरी मुंग्या येतात. आणि पूर्ण बरे होतील का, हे एमआरआय आणि पहिले सहा महिने बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. बाबा आता चमचा धरतात आणि खडूने माप आखतात. कापायचं काम आई करते.

सासऱ्यांना आजच न्यूरोसर्जनकडे न्या. कप निसटतोय, तेव्हा दोन दिवस आणखी वाट बघू नका. तोवर मालिश नको, न्हाव्याकडून मान मोडून घेणं तर अजिबात नको, पट्टा दिला असेल तर काढू नका. आणि शेवटची लघवी कधी झाली ते विचारा. सुनेला ते लाजून सांगणार नाहीत, सासूबाईंना विचारायला सांगा.