लॅपटॉपवर दिसतं, मावशीच्या प्लेअरवर नाही

प्रश्न : वडिलांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम मी स्वतः एडिट केला. एक तास पन्नास मिनिटांची एमपी४ फाइल डीव्हीडीवर टाकली. माझ्या लॅपटॉपवर झकास चालते. ठाण्याला मावशीच्या जुन्या प्लेअरमध्ये मात्र ‘नो डिस्क’. मावशीला पेन ड्राइव्ह नको, डीव्हीडीच हवी. माझं काय चुकलं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : पोळी मागितली आणि तुम्ही डब्यात कणीक भरून पाठवलीत, एवढंच. तुम्ही केलेली ती डेटा डिस्क, म्हणजे नुसती फाइल ठेवलेली डिस्क. जुन्या प्लेअरला एमपी४ कळत नाही. त्याला लागतो एमपीइजी-२ व्हिडिओ, पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम, आणि ४८ किलोहर्ट्झचा आवाज. तोही ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये. हे बांधून देण्याच्या कामाला ऑथरिंग म्हणतात. पूर्वी प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जोडीला त्यासाठी एन्कोर असायचं. ते सीएस६ या आवृत्तीनंतर अडोबीने बंद केलं. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण शोधत बसू नका. डीव्हीडीस्टायलर हे ऑथरिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच घ्या. नवीन प्रोजेक्ट उघडताना पाल, १६:९ आणि आवाजासाठी एसी३ निवडा, तुमची एमपी४ आत ओढा. रूपांतर ते स्वतः करतं.

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा ते. नौपाड्यातल्या माझ्या दुकानात संगणकाशेजारी भिंतीवर पेन्सिलीने ‘५६०’ लिहिलेलं आहे. रंगाऱ्याला दोनदा सांगून ते वाचवलंय. ५६०ला मिनिटांनी भागायचं; येईल तो सेकंदाला मेगाबिटमध्ये सरासरी बिटरेट. तुमची ११० मिनिटं, म्हणजे साधारण ५. आवाज आणि थोडी मोकळी जागा यात धरलेली आहे. भाषणांना ५ पुरे. नाचगाणी, फुलांची उधळण असेल तिथे चित्र चौकोनी-चौकोनी फुटू लागतं. मग सरळ दोन डिस्क करा. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेली डिस्क संगणक ४.३८ दाखवतो, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. मोजायची पद्धत वेगळी, फसवणूक नाही.

मावशींकडे अजून डब्बा टीव्ही असेल तर नावांकडे बघा. तो टीव्ही चित्राच्या कडा खातो, त्यामुळे अक्षरं चारही बाजूंनी दहा टक्के आत घ्या. आणि आपल्या देवनागरीची खास गोची म्हणजे शिरोरेघ. बारीक फॉन्ट घेतला की ती आडवी रेघ एकाच ओळीत बसते आणि इंटरलेस्ड, म्हणजे एक ओळ सोडून एक रंगवणाऱ्या पडद्यावर सारखी थरथरते. इंग्रजी टायटलवाल्यांना हा त्रास एवढा होत नाही. जाड फॉन्ट घ्या, ‘अमृतमहोत्सव’ स्थिर राहील.

डिस्क राइट करताना वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, शेवटी फायनलाइझ, म्हणजे डिस्क बंद होऊ द्या. कोरी डिस्क डीव्हीडी-आर घ्या. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको, तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुनी लेन्स चाचपडत बसते.

लेबलचं माझ्या फजितीतून सांगतो. एका मुंजीच्या चाळीस डिस्कवर मी बटूच्या फोटोचे गोल कागदी स्टिकर चिकटवले होते. दिसायला देखण्या! प्लेअर तापला की कागद ओढला जायचा, डिस्क डुगडुगायची आणि मातृभोजनाच्या ऐन घासाला चित्र अडकायचं. मुलाच्या आजीने फोन करून विचारलं, “अहो, तो घास तोंडात जाणार कधी?” चाळीसच्या चाळीस पुन्हा काढून दिल्या, पदरचे पैसे घालून. तेव्हापासून सीडी मार्करनेच लिहितो.

पहिली डिस्क झाली की नातेवाइकांसाठी प्रती काढायची घाई करू नका. ती एकटी घेऊन मावशींकडे जा आणि त्यांच्याच प्लेअरवर शेवटची दहा मिनिटं लावून बघा. डिस्क आतून बाहेर भरत जाते. अडली तर बहुधा तिथेच, बाहेरच्या कडेला अडते.