ऐतिहासिक युद्धाच्या गेम्समध्ये मराठ्यांना मुद्दाम कमकुवत दाखवतात का? बॅलन्ससाठी, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळावी म्हणून, इतिहास बदलावा का?

मुद्दाम करत असतील असं मला वाटत नाही. पण पक्षपात होतो, आणि तो सैनिकांच्या हल्ला-बचावाच्या आकड्यांपेक्षा विजयाच्या अटीत जास्त असतो. हे मला खेळताना कळलं नाही, स्वतः नकाशा बनवायला बसलो तेव्हा कळलं.

मी कोल्हापूरचा. पन्हाळा इथून जेमतेम वीस किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात 'एज ऑफ एम्पायर्स २' या गेमच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये (यात आपला नकाशा आणि नियम बनवता येतात) मी १६६० चा वेढा आणि घोडखिंड उभी करायला घेतली. या गेममध्ये मराठे ही वेगळी सिव्हच (खेळायला निवडायची संस्कृती) नाही. २०२२ मध्ये जुन्या 'इंडियन्स'च्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशा चार आल्या, त्यांतूनच काम भागवलं.

पहिल्यांदा सगळं खरं ठेवलं. शिवाजी महाराजांबरोबर सहाशेच्या आसपास बांदल मावळे निघाले होते, त्याच प्रमाणात माणसं दिली आणि मागे सिद्दी जौहरची फौज सोडली. दर वेळी पाच मिनिटांत सगळं संपायचं. मग मावळ्यांची ताकद दुप्पट केली. माझा भाचा बसला, समोर येईल त्याला कापत गेला आणि म्हणाला, "मामा, ह्यात काय मजा न्हाई. हरतच न्हाई की मी." त्याचं बरोबर होतं. बाजीप्रभूंना असं अजिंक्य करून ठेवलं तर त्यांनी काय केलं हेच पुसलं जातं.

तेव्हा लक्षात आलं की मी जिंकायची अट चुकीची लावली होती. गेमची सवय असते शत्रू संपवायची. खिंडीत शत्रू संपवायचाच नव्हता, महाराज विशाळगडावर पोचून तोफांचे बार होईपर्यंत वेळ काढायचा होता. आणि विशाळगडाच्या पायथ्याशीही आदिलशाहीच्या बाजूच्या सुर्वे-दळव्यांचा वेढा होताच. म्हणजे खरा पेच असा: सहाशेतली किती माणसं खिंडीत ठेवायची आणि पुढचा वेढा फोडायला किती न्यायची? महाराज गडावर पोचले की विजय, असा ट्रिगर (अमुक झालं की तमुक घडेल असा नियम) लावला. सैनिकांचे आकडे पुन्हा मूळचे केले. उंचावरून मारा केला तर २५ टक्के जास्त इजा होते हा गेमचा मूळ नियमच खिंडीला पुरला. भाच्याने पहिल्या डावात खिंडीत चारशे ठेवले आणि महाराज पायथ्यालाच अडकले. पुढचे दोन दिवस तो जागचा हलला नाही. बॅलन्स आला आणि त्यासाठी इतिहासाला हात लावावा लागला नाही.

आता मोठ्या गेम्सकडे बघा. 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये १७०० सालापासून मराठे खेळता येतात, मूळ गेममध्ये मुघलसुद्धा खेळता येत नाहीत. त्यामुळे आपल्याला डावललं, ही तक्रार तिथे टिकत नाही. पण गेमचा जीव आहे तो मोकळ्या मैदानात रांगा लावून बंदुका झाडण्यात. त्या मापाने मोजलं तर निम्मं मराठी युद्धशास्त्र मोजलंच जात नाही. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला रसद आणि पाण्यावाचून कोंडलं, मोठी लढाई न करता तहाला आणलं. मैदानी लढाईच्या गेममध्ये हे दाखवायचं कुठे?

उलट बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे सगळं ओझं घोडदळावर आणि गनिमी काव्यावर टाकायची सवय आहे. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ ला, इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यांतली बरीचशी शिंद्यांच्या तोफखान्यामुळे. लढाई आपण हरलो, पण तोफा कमअस्सल नव्हत्या. कुठल्या गेममध्ये भारतीय बाजूच्या तोफा नुसत्या 'देशी' म्हणून मागास दाखवल्या असतील, तर तिथे जरूर भांडा.

मल्टिप्लेअरचं वेगळं आहे. दोन अनोळखी माणसं अर्धा तास स्पर्धा खेळणार असतील तर दोघांना सारखी संधी हवीच, तिथे मी इतिहासाचा हट्ट धरत नाही. एकट्याने खेळायच्या मोहिमेत मात्र धरतो.

सध्या पालखेडचा नकाशा करतोय. पाण्यापासून तुटलेल्या फौजेची ताकद दर काही सेकंदांनी घटत जाईल असा ट्रिगर बसवलाय. अजून निजाम फार लवकर शरण येतो, ते जमवायचंय.