मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भारतात भरवाव्यात, असे सामान्य लोकांना खरोखर वाटते का?

2030 ची राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाली आणि 2036 च्या ऑलिंपिकसाठीही प्रयत्न चालू आहेत. सामान्य माणसाला याचा अभिमान वाटतो की हा पैशाचा चुराडा वाटतो, आणि टीव्हीवरील प्रक्षेपणाचा त्यात काही वाटा असतो का, असे आपण विचारले आहे. हॅम्बुर्गच्या नागरिकांनी 2015 साली आणि कॅल्गरीच्या नागरिकांनी 2018 साली मतदान करून ऑलिंपिकचे यजमानपद नाकारले. आपल्याकडे तशी पद्धत नाही. निर्णय झाल्यावर कोणी पेढे वाटतो, कोणी नाक मुरडतो. त्यामुळे आपले मत बव्हंशी पडद्यावर जे दिसते त्यावरच ठरते, असे मला वाटते.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना 1982 च्या दिल्ली एशियाडवर किती खर्च झाला हे कधीच सांगता आले नाही. त्यांना स्पर्धेचे शुभचिन्ह असलेला अप्पू हत्ती आठवतो, शेजाऱ्यांकडे दाटीवाटीने बसून पाहिलेला रंगीत टीव्ही आठवतो आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने केलेला 7-1 असा पराभव तर अजूनही सलतो. एसटीच्या निमआराम गाडीला आपण ‘एशियाड’ म्हणतो, ते नावही त्याच स्पर्धेचे. 2010 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाली, तेव्हा नेमके उलटे घडले. स्पर्धेच्या तोंडावर, सप्टेंबरमध्ये, नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, क्रीडाग्रामातील अस्वच्छ खोल्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली आणि लोकांनी ही स्पर्धा लाजेच्या खात्यात जमा करून टाकली. नंतर भारताने 38 सुवर्णांसह 101 पदके मिळवली आणि नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक पटकावले. तरीही आज 2010 म्हटले की बहुतेकांच्या तोंडी आधी आयोजनातला पैशांचा घोटाळाच येतो.

मी स्वतः 2008 साली पुण्यात बालेवाडीजवळ राहत होतो आणि युवा राष्ट्रकुल स्पर्धा आमच्या दारातच भरली होती. आमच्या गल्लीतील मत महिन्याभरात तीनदा बदलले: रस्ता खोदला तेव्हा शिव्या, दुभाजक रंगवून त्यात फुलझाडे लावली तेव्हा कौतुक, आणि बंदोबस्तामुळे दूधवाल्याला वळसा पडू लागला तेव्हा पुन्हा शिव्या. एका सकाळी मी ॲथलेटिक्स पाहायला गेलो, तर समोरच्या सज्जात गणवेशातील शाळकरी मुले सोडली तर जवळजवळ कोणीच नव्हते, आणि ती मुलेही डब्याच्या सुट्टीची वाट पाहत होती. त्याच स्पर्धेत सायना नेहवालने बॅडमिंटनचे सुवर्ण जिंकले. आमच्या इमारतीतील निम्म्या लोकांना ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. स्पर्धा हाकेच्या अंतरावर असूनही ती आपली वाटली नाही, याचे कारण मला खर्चापेक्षा या अनोळखीपणात दिसते. क्रिकेटखेरीज दुसरा खेळ आपण चार वर्षांतून पंधरा दिवस पाहतो; मग त्यातल्या खेळाडूंवर जीव कसा जडावा?

प्रक्षेपणाबाबत 2007 चा एक कायदा आहे. त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धेचे हक्क कोणत्याही खाजगी कंपनीने घेतले, तरी तिला जाहिरातींविना थेट चित्रण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेला द्यावे लागते. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल या तिन्ही स्पर्धा त्या यादीत आहेत. मात्र हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणासाठी आणि फ्री डिश या तिच्या मोफत उपग्रह सेवेसाठीच आहे, खाजगी केबलवरील दूरदर्शन वाहिन्यांसाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे छतावर फ्री डिशची थाळी असलेल्या घराला सामना फुकट दिसतो आणि महिन्याला केबलचे पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याला दूरदर्शन लावूनही तो दिसत नाही. यजमानपदाला लोकांचा पाठिंबा हवा असेल, तर नवे स्टेडियम बांधण्याआधी ही विचित्र अडचण दूर करावी, असे माझे मत आहे. स्टेडियममध्ये फार तर लाखभर माणसे बसतील. बाकीचे सगळे घरूनच पाहणार आहेत.