मंदिर पडल्याचं मला रडू का येत नाही?

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू. जेरुसलेमची दोन्ही मंदिरं ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवव्या दिवशी पडली म्हणून आपण उपास करतो, आमची आजी याला बिरड्याचा सण म्हणायची आणि उपास सोडायला वालाचं बिरडं करायची. यंदा सिनेगॉगमध्ये सगळे जमिनीवर बसून विलापगीत ऐकत होते आणि मी मनात ऑफिसचे मेल मोजत होते. समोरच माझी चुलतबहीण बसली होती, खोलीच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलणं बंद आहे, तिच्याकडे बघायचं टाळण्यातच अर्धा वेळ गेला. प्रार्थनेत मंदिर परत बांध म्हणते पण ते मला खरंच हवंय का? आतून काहीच हलत नाही.

उत्तर: अगं, रडू आलं नाही याची मला एवढी काळजी नाही वाटत. पहिलं मंदिर बाबिलोनच्या लोकांनी इसवी सनपूर्व 586 च्या सुमारास पाडलं, दुसरं रोमन सैन्याने इसवी सन 70 मध्ये, आणि कधी न बघितलेल्या घरासाठी डोळ्यात पाणी आपोआप येत नाही हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी लग्नात ग्लास फोडायला लावला, घर बांधताना दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन गिलाव्याशिवाय सोडायला सांगितला, आणि आपण इथून पश्चिमेला तोंड करून तेफिला, म्हणजे प्रार्थना, म्हणतो तेही त्यासाठीच.

मला खटकलं ते तुझ्या बहिणीचं. तालमूद, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, म्हणतो की दुसऱ्या मंदिराच्या काळात लोक तोरा हा धर्मग्रंथ शिकत होते, दानधर्म करत होते, तरी ते पडलं कारण लोकांच्या मनात एकमेकांबद्दल विनाकारण द्वेष होता. त्यातच एक गोष्ट आहे. जेरुसलेममध्ये एकाने मेजवानीला कामझा नावाच्या मित्राला बोलावलं, नोकराने चुकून बार कामझा या वैऱ्याला आणलं. यजमान म्हणाला ऊठ, चालता हो. बार कामझा गयावया करतो, माझ्या जेवणाचे पैसे देतो, मग अर्ध्या मेजवानीचे देतो, मग सगळ्या मेजवानीचे देतो पण लाज नको घालवू, तरी यजमानाने हाताला धरून बाहेर काढला. पंक्तीला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बसलेले होते, कोणी एक शब्द बोललं नाही. बार कामझाला तेच लागलं आणि तो चुगली करायला थेट रोमन सत्तेकडे गेला. मी ही गोष्ट दर वर्षी वाचते आणि यजमानापेक्षा ती गप्प जेवणारी माणसंच मला जास्त टोचतात, कारण त्यांनी वाईट असं काही केलंच नव्हतं.

मंदिर कधी आणि कसं उभं राहील हे बहुतेक रब्बी मसीहावर, म्हणजे पुढे येणाऱ्या तारणहारावर, सोडतात. आपल्या वाट्याला जे येतं त्याबद्दल विसाव्या शतकातले रब्बी अब्राहम कूक म्हणायचे की विनाकारण द्वेषाने उद्ध्वस्त झालो, तर विनाकारण प्रेमाने परत उभे राहू. विनाकारण, म्हणजे वाटणीचा निकाल लागायच्या आधी. खोलीचं वकील बघतील ना.

पुढच्या वर्षी आवच्या उपासाच्या दोन-तीन दिवस आधी वाल भिजत घाल, फडक्यात घट्ट बांधून ठेव, मोड आले की गरम पाण्यात टाक म्हणजे सालं सुटतात. आणि सोलायला त्या बहिणीला फोन करून बोलव, किलोभर वाल एकटीला नाही सोलवत.