उत्तर: बॉल पायथन सात आठवडे खात नाही, जिवंत उंदीर सोडू का?

"६२० ग्रॅमचा बॉल पायथन, सात आठवडे उपाशी, वजन ५९५ वर आलंय, दुकानदार म्हणतो जिवंत उंदीर आत सोडा आणि सकाळपर्यंत बघूच नका." तुमच्या पोस्टमधलं हे वाचलं आणि राहवलं नाही. (नवख्यांसाठी: बॉल पायथन म्हणजे घरी पाळतात तो लहान जातीचा, बिनविषारी अजगर.) दुकानदाराचा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. बाकीचं निवांत बघू.

टब (साप ठेवायची पेटी), लपायची जागा, पाण्याचं भांडं वगैरे तुम्ही केलेलंच असणार, त्यात शिरत नाही. मी पशुवैद्य नाही, बरीच वर्षं साप पाळणारी एक बाई आहे, तेवढ्याच वजनाने हे घ्या.

आमची मादी अशीच अडून बसली होती. ज्या दवाखान्यात नेली त्याचं नाव लिहीत नाही. दारावर सरपटणाऱ्या प्राण्यांचे तज्ज्ञ अशी पाटी होती, एवढं पुरे. त्यांनी निरीक्षणासाठी ठेवून घेतली. संध्याकाळी तिथल्या कुणीतरी तिच्या पेटीत चांगला मोठा जिवंत उंदीर टाकला, दिवे घालवले आणि सगळे घरी गेले. उंदराला रात्रभर खायला काही नाही. सकाळी उंदीर ठणठणीत, पाण्याच्या भांड्यात लेंड्या, आणि सापाच्या कण्यालगत बोटाच्या पेराएवढी जागा कुरतडलेली. खवले गेलेले, कातडी गेलेली, आत पांढुरकं दिसत होतं. ती पळाली नव्हती, उलट चावलीही नव्हती. गोळा होऊन डोकं मधे दडवून बसली होती. घाबरलेला बॉल पायथन हेच करतो, आणि उंदराला तेच सोयीचं पडतं.

साप शिकारी आणि उंदीर शिकार, हे साप भुकेला आणि उबेत असेल तोवर खरं. गारठलेला, बिचकलेला किंवा कातीवर आलेला साप हलतच नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, कुरतडल्याशिवाय त्याचं चालत नाही. पाठ, डोळे, शेपटी, जे समोर येईल ते.

संताप आला तो पुढच्या प्रकाराचा. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, "दाखल करतेवेळी जुनी जखम". मी आणताना काढलेले फोटो दाखवले तर म्हणे त्यात पाठ नीट दिसत नाही. रात्री कोण होतं विचारलं तर ते आज सुट्टीवर. ड्रेसिंग मात्र आमच्याच बिलात. जखम भरली, व्रण राहिला. तिथे कात कधीच सरळ सुटत नाही, दर वेळी एक पट्टा अडकतो आणि ओल्या टॉवेलात ठेवून सोडवावा लागतो. आणि जिच्या खाण्यासाठी हे सगळं केलं, ती उंदराचा वास आला तरी डोकं आत घ्यायला लागली. (जाता जाता: प्राणी कुठेही ठेवून येणार असाल तर चारी बाजूंनी फोटो काढा आणि वजन त्यांच्याच काट्यावर, तुमच्यासमोर लिहून घ्या.)

आता तुमचा साप. ६२० चे ५९५ म्हणजे जेमतेम ४ टक्के. १० टक्क्यांच्या आसपास घट गेली, म्हणजे तुमचा ५६० च्या खाली आला, की मी चिंता करेन. त्याआधीही तोंडाशी फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज किंवा तोंड उघडं ठेवून श्वास, असं काही दिसलं तर वजनाकडे न बघता सापांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जा. वाईट अनुभव आला म्हणून डॉक्टरच नको, असं मी म्हणत नाहीये. नुसता उपास असेल तर थंडीच्या दिवसांत मोठे बॉल पायथन, त्यातही नर, काही महिने सहज खात नाहीत.

न खाण्याचं कारण बहुतेक वेळा उंदरात नसतं, उष्णतेत असतं. काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे थर्मामीटर फेकून द्या, ते चार-पाच अंशांनी सहज चुकतात, शिवाय हवेचं तापमान दाखवतात, साप जिथे पोट टेकतो तिथलं नाही. प्रोबवाला घ्या, म्हणजे वायरच्या टोकाला तापमान मोजणारं टोक असतं तो. उबेची जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजू २५ ते २७. गारठ्यात पचन चालत नाही हे सापाला कळतं, म्हणून तो तोंड लावत नाही. हे जमेपर्यंत खाणं दाखवूच नका. आणि रोज रोज तर मुळीच नाही, मधे आठ-दहा दिवस जाऊ द्यात. त्या काळात हाताळणंही बंद.

भक्ष्याचा आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका, किंवा किंचित जास्त. शंका असेल तर लहान द्या. बिचकलेल्या सापाला तर नक्कीच लहान.

माझं मत विचाराल तर फ्रोझनच, म्हणजे मारून गोठवलेला उंदीर. आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, मग पिशवीचं तोंड बंद करून गरम पाण्यात, पोट दाबून बघा, आत गोळा लागता कामा नये. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजतो आणि फुटतो. देताना उंदीर ३८ अंशांच्या आसपास हवा, कारण बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचा उष्णता टिपतात. थंड उंदीर त्याला दिसूनही दिसत नाही. डोकं जरा जास्त गरम ठेवलं की तो तिथूनच धरतो. लांब चिमटा, अंधुक उजेड, आणि तुम्ही अर्धवट पडद्याआड. नाही घेतला तर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून रात्रभर दार लावून घ्या. मेलेल्या उंदराबाबत हे चालतं. सकाळी उरला तर टाकून द्या, परत फ्रीझरमध्ये नको.

उंदीर दाखवताना बोटाला उंदराचा वास येऊ देऊ नका, नाहीतर साप बोटालाच धरतो आणि मग सगळे म्हणतात साप चिडखोर झाला. खायला घालायला वेगळ्या डब्यात हलवायची पद्धत मला पटत नाही, भित्र्या सापाला उचलून नेलं की भूक गेलीच. यावर इथे भांडणं होतील, होऊ द्यात. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. ओकला तर दोन आठवडे थांबा, मग निम्म्या आकाराचं द्या.

घरातले पकडलेले उंदीर नकोत, त्यांच्या पोटात उंदरांचं विष असू शकतं. चिकनचे तुकडेही नकोत, हाडांशिवाय कॅल्शियम कुठून येणार? फ्रोझन उंदरात साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, गोठवल्याने तो मरत नाही. म्हणून भांडी वेगळी, नंतर हात साबणाने, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर काही करायचं नाही.

तुमच्या पोस्टखाली एकांनी "गार्टर सापाला गोल्डफिश दिले, मस्त खातो" असं लिहिलंय, त्यांच्यासाठी (गार्टर ही मासेही खाणारी सापाची वेगळी जात): गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. तेच चालू ठेवलं तर सापाचा तोल जातो, झटके येतात. ट्राउट किंवा तिलापिया द्या.

जबरदस्तीने भरवायचा विचार आत्ता करू नका. उपाशी सापाच्या घशात अन्न कोंबलं तर तो ओकतो, आणि फार खंगलेल्या शरीराला एकदम मोठं खाणं झेपतही नाही. ती वेळ आली तर डॉक्टरच करतील.

प्रोब नेमका कुठे टेकवलाय त्याचा फोटो टाका, नर आहे की मादी, आणि शेवटची कात कधी टाकली तेही लिहा. मग पुढचं सांगते.