साताऱ्यातल्या बास्केटबॉल टीमला खरा सपोर्ट कसा करायचा? आणि 36व्या वर्षी मार्शल आर्ट्सचा क्लास लावून बघावा का?

तुम्ही लिहिलंय की टीमची एकही मॅच चुकवत नाही, वर्गणी देता, घसा बसेपर्यंत ओरडता, तरी त्याचा टीमला काही उपयोग होतोय असं वाटत नाही. तुमचा अंदाज बरोबर आहे. फार थोडा उपयोग होतो. क्लासचं शेवटी बोलतो, आधी हे.

आपल्याकडे खेळाला पैसे देणारे कमी नाहीत, पण तो पैसा जातो पोवई नाक्यावरच्या फ्लेक्सवर, चषकांवर, शाल-श्रीफळावर आणि पाहुण्यांच्या हारांवर. फायनलला स्टेजवर कमरेएवढा चषक आणि समोर रिंगला जाळी नाही, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. जाळी काही शोभेची नसते. जाळी नसली की चेंडू आतून गेला की कडेने खाली आला हे बाजूने कळत नाही, आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. रिंगला 12 हुक असतात, जाळीला तेवढेच फास. उघड्या कोर्टावर सुती जाळी पावसात कुजते, तिथे नायलॉनची लावा. वरचा भाग ताठ असलेलीच घ्या. मऊ जाळी जोरात शॉट आला की उलटी होऊन रिंगवर अडकते आणि मग कुणीतरी खांबावर चढतो. नवी जाळी घट्ट असते, चेंडू धरून ठेवते. ती बांधल्यावर ओली करून खाली ओढून ठेवायची. हे काम शिडीवर उभ्या माणसाचं, पंधरा मिनिटांचं आहे.

शिडी आणलीच आहे तर टेप लावून रिंगची उंची मोजा. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत 3.05 मीटर हवी. जुन्या कोर्टावर नवा काँक्रीटचा थर टाकतात आणि खांब तसाच ठेवतात, म्हणजे जेवढा थर तेवढी रिंग खाली आली. मग पोरं घरच्या कोर्टावर धडाधड शॉट मारतात आणि कराडला किंवा सांगलीला गेली की सगळे शॉट आखूड पडतात, आणि आपण म्हणतो पोरांनी टेन्शन घेतलं. रिंगचे बोल्टही बघा. लोंबकळणाऱ्यांमुळे ते सैल होतात आणि रिंग पुढून झुकते. गंज चढला असेल तर घासून रेड ऑक्साइड मारा, मग रंग. खांबाला स्पंज आणि रेक्झिनचं कव्हर करून द्या, चांगलं सात फूट उंचीपर्यंत. ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून उडीत टाकायचा शॉट, मारून पोरगं थेट खांबावर जातं तेव्हा त्या स्पंजची किंमत कळते.

चेंडू द्यायचे असतील तर विचारून द्या. मुलांना 7 नंबर, मुलींना 6, लहान पोरांना 5. सिमेंटच्या कोर्टावर रबरी चेंडूच हवा. चामड्याचा महागडा चेंडू सिमेंटवर लवकर गुळगुळीत होतो आणि हातातून सटकायला लागतो. हवा भरताना पिन ओली करून घाला, कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो. डोक्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेच्या थोडा वर आला पाहिजे. छातीपर्यंत उसळला तर हवा जास्त आहे. पावसाळ्यानंतर कोर्टावर शेवाळ असतं, त्यावर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासावं लागतं. त्यासाठी दरवर्षी माणसं कमी पडतात. चषक द्यायला मात्र रांग असते.

पण टीमला खरी गरज आहे ती टेबलावर बसणाऱ्यांची. कोर्टाच्या बाजूला टेबल लावून जी माणसं बसलेली असतात ना, ज्यांच्यावर तुम्ही सगळे ओरडता, ती. पूर्ण संचात ती चार असतात: स्कोअरर, त्याचा असिस्टंट, टायमर आणि शॉट क्लॉक ऑपरेटर, म्हणजे शॉटसाठी ठरलेल्या सेकंदांचं घड्याळ चालवणारा. आपल्याकडे बऱ्याचदा दोघांवर भागवतात आणि त्यातला एक चहा सांगायला गेलेला असतो. टेबल चुकलं की मॅच चुकते, आणि टेबलवाले 'नुसते बसलेले असतात' असं म्हणणाऱ्यांशी माझा कायमचा वाद आहे. त्यांनी एक क्वार्टर (मॅचच्या चार भागांपैकी एक) स्कोअरशीट लिहून दाखवावं.

स्कोअरशीट असं चालतं. असिस्टंट मोठ्याने म्हणतो, "पांढरा, सात नंबर, दोन." स्कोअरर तेच परत म्हणतो, लिहितो आणि एकूण सांगतो, "एकतीस." रनिंग स्कोअरच्या रकान्यात 31वर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. फ्री थ्रो (फाउलमुळे मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) असेल तर रेघेऐवजी भरलेला गोळा. तीन पॉइंटचा असेल तर खेळाडूच्या नंबरभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या पेनने, म्हणजे नंतर वाद झाला तर कुठल्या क्वार्टरमध्ये काय घडलं ते रंगावरून लगेच सापडतं. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याभोवती जाड गोल आणि खाली जाड रेघ. त्याच वेळी मोठ्या बोर्डावरच्या आकड्याशी ताळा करायचा. हा ताळा टाळला की चौथ्या क्वार्टरमध्ये एका पॉइंटचा फरक निघतो आणि दोन्ही कोच टेबलावर येऊन उभे राहतात. 4 आणि 14, 5 आणि 15 असे नंबर एकाच टीममध्ये असतील तर फाउल भलत्याच्या नावावर जाण्याची शक्यता फार. रेफरी बोटांनी नंबर दाखवतो तो बघून लिहायचा, आवाजावर नाही. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. टीमचे एका क्वार्टरमध्ये चार फाउल झाले की टेबलाच्या त्या बाजूला लाल निशाण उभं करायचं, कारण पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. लाल पुठ्ठ्याचा तुकडा चालतो, विकत आणायची गरज नाही.

टायमरचं काम सोपं वाटतं. शिट्टी वाजली की घड्याळ बंद. पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावरही घड्याळ थांबवायचं असतं, शिट्टी नसली तरी. हे विसरलं की हरणाऱ्या टीमचे हक्काचे सेकंद जातात. टाइमआउट एक मिनिटाचा, 50व्या सेकंदाला इशारा द्यायचा. आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मॅच चालवायची असेल तर आधी एअरप्लेन मोड. ऐन वेळी स्क्रीनवर मावशींचा फोन आला की बोट बटणापर्यंत जातच नाही. साधं हातातलं स्टॉपवॉच आणा, तुमच्या वर्गणीतलंच एक होऊ दे.

आता शॉट क्लॉक, कारण कुंपणाबाहेरून सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच बसतात. 24 सेकंदांत शॉट घ्यायचा आणि चेंडू रिंगला लागला पाहिजे. रिंगला, बोर्डाला नाही. शॉट नुसता बोर्डाला लागून परत त्याच टीमच्या हातात आला तर घड्याळ रिसेट होत नाही, चालूच राहतं. रिंगला लागून समोरच्या टीमने रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेतला तर 24, शॉट मारणाऱ्याच टीमने घेतला तर 14. बचाव करणाऱ्याने चेंडूला नुसता हात लावला, चेंडू बाहेर गेला, थ्रो-इन पुन्हा त्याच टीमला: रिसेट नाही, उरलेले सेकंदच मिळतात. लोक सगळ्यात जास्त "रिसेट, रिसेट" ओरडतात ते नेमकं इथे. बचाव करणाऱ्याने मुद्दाम पायाने चेंडू अडवला तर गोष्ट वेगळी. आक्रमक टीम पुढच्या अर्ध्यात असेल आणि 14 किंवा जास्त सेकंद उरले असतील तर तेवढेच राहतात, 13 किंवा कमी असतील तर 14 होतात. मागच्या अर्ध्यात असेल तर पूर्ण 24. चेंडू हवेत असताना बझर वाजला आणि नंतर तो आत गेला तर बास्केट धरतात. रिंगला लागून बाहेर आला तर खेळ चालू. आता सांगा, हे सगळं दोन सेकंदांत ठरवणाऱ्या कॉलेजच्या पोराला उद्देशून तुमच्या शेजारचा माणूस काय ओरडत असतो? असल्या ओरडण्याने ते पोरगं घाबरून चुकीच्या वेळी बटण दाबतं, आणि त्याचा फटका अनेकदा आपल्याच टीमला बसतो. म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला 14 सेकंदांचा नियम सांगता येत नाही त्याने टेबलावर ओरडू नये. खेळाडूंना प्रोत्साहन द्या, हवं तेवढं. फ्री थ्रोला आपल्या पोराच्या वेळी गप्प बसलात तरी उपकार होतील.

बाकी किरकोळ. बाहेरगावच्या स्पर्धेला 12 खेळाडू, कोच आणि सामान म्हणजे 17 सीटर टेंपो ट्रॅव्हलर लागतो, त्याचं डिझेल कोण भरणार यावर दरवेळी बैठक होते. ते भरा. मॅचच्या आधी कंदी पेढे वाटू नका, नंतर वाटा. आधी केळी आणि पाणी. बर्फ, टॉवेल आणि 4 इंची क्रेप बँडेज बॅगेत ठेवा. घोटा मुरगळला की बर्फ टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटं, चोळायचं नाही.

आता क्लास. कराटे, तायक्वांदो की ज्युदो असं विचारलंय. 36व्या वर्षी, मधली बरीच वर्षं काही न खेळता, प्रकारापेक्षा शिकवणारा आणि खालची जमीन महत्त्वाची. तरी मत हवंच असेल तर ज्युदो. तायक्वांदोत पाय वर जातो आणि थंड अंगाने किक मारली की मांडीच्या मागचा स्नायू धरतो. कराटेत खाली बसून घ्यायच्या स्टान्सने गुडघे बोलायला लागतात. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, आणि या वयात तेच सगळ्यात कामाचं. शिवाय खाशाबा जाधवांचं गोळेश्वर कराडला लागून आहे. कुस्तीची नजर आपल्याकडे बहुतेकांना असते. धोबीपछाड ओळखता येत असेल तर ज्युदोतला खांद्यावरून टाकायचा डाव बघून तुम्हाला नवल वाटणार नाही.

मागे पडायचं असं: आधी उकिडवं बसून. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करून मागे लोळायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली, अंगापासून साधारण 45 अंशांवर जमिनीवर आपटायचे, श्वास सोडत. हात मागे टेकवून पडणं थांबवायला गेलात की मनगट जातं, नाहीतर कोपर. हात खांद्याच्या रेषेत पसरले तर खांदा दुखावतो. बसून जमलं की उभं राहून. पहिल्याच दिवशी तुम्हाला कुणी उचलून टाकलं तर तो क्लास सोडा. आमच्या बास्केटबॉलच्या कोचना हे पडणं पोरांना शिकवा म्हटलं की ते 'आपला खेळ वेगळा' म्हणतात. ज्या खेळात चार्ज घेताना, म्हणजे धावत येणाऱ्याची धडक उभ्याने अंगावर घेताना, पाठीवर पडावं लागतं त्या खेळाचे कोच!

ट्रायल घ्याच, पण त्याआधी एक क्लास नुसता बसून बघा. वॉर्म-अप निदान पंधरा मिनिटांचा आहे का? मॅट किती जाड? टाकाटाकी असेल तर 4 सेंटीमीटर तरी हवी. 2 सेंटीमीटरची कोडं जुळवल्यासारखी मॅट कराटेला पुरते, पडायला नाही. मॅटच्या जोडांत फट असेल तर पायाचा अंगठा अडकतो. नवख्याला कोण शिकवतं, सर की बारा वर्षांचा ब्राउन बेल्ट? वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. फी महिन्याची भरा, वर्षाची नको, आणि बेल्टच्या परीक्षेची फी वेगळी किती आणि किती महिन्यांनी ते आधीच विचारा. मुलांच्या बाबतीत सर्टिफिकेट कुठल्या संघटनेचं हेही बघावं लागतं, सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी. तुम्हाला ते काही लागत नाही. ड्रेस महिनाभर टिकलात तर घ्या, सुती ड्रेस धुतल्यावर आटतो म्हणून एक साइज मोठा. ट्रायलला लांब बाह्यांचा जाड टी-शर्ट, चेन नसलेली ट्रॅक पँट, नखं कापलेली, अंगठी आणि गळ्यातलं घरी.

गुडघ्याचं जुनं दुखणं, पाठीची तक्रार किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. दोन दिवस मांड्या धरल्या तर चालतं. सांध्यात कळ आली तर थांबा. आणि बास्केटबॉलचे वर सांगितलेले नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे आहेत. शाळांच्या आणि गल्लीतल्या स्पर्धांत घड्याळ न थांबवता खेळवतात, शॉट क्लॉक ठेवतच नाहीत, म्हणून आयोजकांचा नियमांचा कागद आधी मागून घ्या.

क्लासची सकाळची बॅच मिळाली तर तीच घ्या. मॅच आणि सराव संध्याकाळी असतात, आणि टायमरची खुर्ची बहुतेक टीमकडे रिकामीच असते.